जेवढं काम, तेवढंच दार

टोर्गुनने सुरुवात केली ती रस्त्यावरचा बर्फ लोटणाऱ्या ओदलेफपासून. ओदलेफला पालिकेच्या संगणकावर सगळ्यांचे पगार दिसत होते. का दिसत होते, ते त्याचं त्यालाही सांगता येत नव्हतं. कधीकाळी पगार बघणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, तेव्हा आकडे भरायला माणूस नव्हता म्हणून ओदलेफला खुर्चीवर बसवलं होतं. ती बाई परत आली, तिचं बाळ शाळा संपवून पलीकडच्या शहरात नोकरीला लागलं, तरी ओदलेफचं ते दार उघडं ते उघडंच.

"मी कधी बघतो का पगार?" ओदलेफ म्हणाला.

"मग दिसेनासे झाले तर तुझं काय बिघडलं?"

"बिघडलं असं, की तू काढून घेतेस. म्हणजे मी चोर."

"तू चोर नाहीस रे. पण उद्या तुझा पासवर्ड चोराच्या हाती लागला, तर त्याला तुझ्या ट्रॅक्टरच्या फेऱ्या तेवढ्या दिसू देत. सगळ्या गावाचे पगार कशाला?"

"माझा पासवर्ड कोण ओळखतंय!"

"बायकोचं नाव आहे ना?"

ओदलेफने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. आत्ता तू सांगितलंस."

मी हसले. त्या दिवसांत टोर्गुनच्या या मोहिमेवर हसता येत होतं.

मी सिग्ने. पालिकेच्या इमारतीत तळमजल्यावर वाचनालय आहे, ते मी सांभाळते. टोर्गुनची खोली माझ्या डोक्यावर. बेटावरची शाळा, शुश्रूषागृह, पाण्याचे पंप, बंदर, घरोघरी जाणाऱ्या नर्सबाया, सगळ्यांचे संगणक एकाच जाळ्यात आणि ते जाळं टोर्गुनच्या हातात. सुकटीच्या घरातली पोर. कॉडचे मासे लाकडी मांडवांवर टांगताना मोठी झाली. पहिले संगणक आले तेव्हा त्यांना हात लावायला कुणी धजेना, हिने लावला, आणि तेव्हापासून तीच. एकटी राहायची, रविवारी होडी काढून गळ टाकून बसायची. बोलणं तुटक, पण कामाला वाघ. "टोर्गुन, हे उघडत नाही गं," असं कुणी दारातून म्हटलं, की ती मान न वळवता दोन बटणं दाबायची. "बघ आता." उघडलेलं असायचं. लोक तिच्यावर जीव टाकायचे. तिच्या टेबलावर सदैव कुणाचे वाफल, कुणाचा क्लाउडबेरीचा मुरांबा, कुणी धुरावलेला मासा ठेवून गेलेलं.

मग फ्योर्डपलीकडच्या, आमच्या खाडीच्या त्या काठावरच्या, एका पालिकेत संगणकावरून दरोडा पडला. बागा राखणाऱ्या एका माणसाचं खातं कुणा परदेशातल्या टोळीने पळवलं आणि त्याच्या खात्यातून सगळीकडे शिरले. म्हाताऱ्यांच्या उशाशी असलेल्या घंट्या बंद, औषधांच्या नोंदी बंद, शाळा बंद. माळ्याला तिथवर वाट कशी होती, असं सगळे विचारू लागले. आमच्या सभागृहात घबराट उडाली आणि ठराव झाला: ज्याला जेवढं काम, तेवढंच त्याला उघडं, बाकी बंद. ठराव सगळ्यांनी हात वर करून केला. अंमलबजावणी एकट्या टोर्गुनने करायची होती.

"सिग्ने, ही सगळी दारं मीच उघडलीत," जेवणाच्या सुट्टीत पावावर तपकिरी चीज ठेवता ठेवता ती मला म्हणाली. "प्रत्येक वेळी केकचा तुकडा खाऊन."

शाळेतल्या स्वयंपाकिणीला पाण्याचे पंप चालू-बंद करता येत होते. बंदरातून निवृत्त झालेला माणूस घरबसल्या जहाजांच्या नोंदी बदलू शकत होता. बिचारा बदलत नव्हता, रोज सकाळी नुसता वाचत बसायचा. ते बंद केल्यावर तो तिच्या खोलीत येऊन म्हणाला, "आता सकाळी मी करू काय?" आणि महापौर आर्नफिन, त्याला तर सगळंच दिसत होतं.

आर्नफिन पायऱ्या चढून वर गेला तो आवाज मला खाली ऐकू आला. आमच्याकडे महापौरालाही अरे-तुरेच करतात, त्यामुळे भांडण कसं मोकळं होतं.

"टोर्गुन, मी या पालिकेचा महापौर आहे!"

"म्हणूनच. तुझ्या नावाने चोर आला तर सगळ्यात आधी कुठे जाईल?"

"पण मला माझ्या पालिकेत काय चाललंय ते दिसायला नको?"

"शुश्रूषागृहातल्या कुणाला शौचाला झालं आणि कुणाला नाही, हे दिसून तू काय करणार आहेस?"

वरचा सगळा मजला हसला. आर्नफिन हसला नाही.

हळूहळू टेबलावरचे वाफल बंद झाले. जेवायच्या खोलीत ती शिरली की कुणीतरी म्हणायचं, "कॉफी ओतून घेऊ का टोर्गुन, का आधी अर्ज करू?" तीही सुरुवातीला हसायची. पुढे ती डबा घेऊन वाचनालयात माझ्यापाशी येऊन बसू लागली. नर्सबायांचं प्रकरण तेव्हाच चाललं होतं. आमचं बेट मधल्या घाटाने दुभागलेलं आहे. टोर्गुनने असं ठरवलं की उत्तरेच्या नर्सला उत्तरेचे रुग्ण दिसतील, दक्षिणेच्या नर्सला दक्षिणेचे. एवढ्याशा बेटावर सगळे एकमेकांना ओळखतात, कुणाच्या पोटात काय आणि मनात काय हे सगळ्यांनी वाचायचं कशाला? नर्सबायांच्या कामाच्या पाळ्या लावणाऱ्या बाईंचंही औषधांचं दार तिने बंद केलं. त्यांचं काम पाळ्या लावण्याचं. अडलं तर टोर्गुनला फोन करायचा, ती लगेच उघडून देणार.

मला ते पटलं होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते माझ्याच घरात झालं.

माझे वडील इंगवाल्ड उत्तरेच्या टोकाला एकटे राहायचे. जन्मभर फेरीबोटीवर काम केलेला माणूस. गाड्या बोटीत चढवताना हात हलवून हलवून उजवा खांदा कामातून गेलेला. मधुमेह होता. रोज सकाळी नर्स येऊन इन्सुलिन द्यायची, कारण त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि सुईवरचे आकडे दिसत नव्हते. त्या शरद ऋतूत त्यांचं जेवण खूपच कमी झालं, म्हणून डॉक्टरने मात्रा निम्म्यावर आणली. संगणकात तशी नोंद झाली. मलाही सांगितलं होतं. बाबांनाही सांगितलं होतं, पण बाबांना कुणी कमी केलेलं काही आवडत नसे.

नोव्हेंबरात वादळ आलं. सकाळीच घाट बंद झाला. उत्तरेची नर्स पोटाच्या तापाने आडवी. पाळ्या लावणाऱ्या बाईंनी सोलरूनला फोन केला. सोलरून दक्षिणेची नर्स, पण राहायला उत्तरेला. घाट बंद म्हणून घरीच अडकलेली. "तुझ्याच बाजूचे चार जण आहेत, तेवढे बघ ना." सोलरून काही नाही म्हणणाऱ्यातली नव्हती. वाऱ्यात वाकून ती बाबांच्या घरी पोचली, हातातल्या टॅबलेटवर त्यांचं नाव टाकलं, तर अक्षरं आली: तुम्हाला ही नोंद पाहण्याची परवानगी नाही.

तिने टोर्गुनला फोन लावला. टोर्गुन आदल्या संध्याकाळीच पलीकडच्या शहरात गेली होती, अक्कलदाढ काढायला. फोन बंद करून दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसली होती. सोलरूनने पाळ्यांच्या बाईंना लावला. त्यांनाही औषधं दिसत नव्हती. आजारी नर्सने फोन उचलला नाही. डॉक्टरच्या लाइनीवर वादळात सापडलेल्या सगळ्या किनाऱ्याची रांग लागली होती, संगीत वाजत राहिलं.

पुढचं सोलरूननेच नंतर चौकशीत सांगितलं, आणि जसं घडलं तसंच सांगितलं.

"इंगवाल्ड, मात्रा किती आहे आता?" तिने विचारलं.

"नेहमीचीच. उन्हाळ्यात तूच तर देत होतीस की."

"बदलली तर नाही ना?"

"कशाला बदलतील? दे आता, भूक लागलीय मला."

उन्हाळ्यात बदली म्हणून तिने खरंच दिली होती. तिला आकडा आठवत होता. तिने तो दिला. बाबांनी अर्धा पाव खाल्ला, कॉफी घेतली. ती पुढच्या घरी गेली. जाताना म्हणाली की दुपारी परत डोकावते, पण पुढच्या घरातली म्हातारी पडलेली होती, तिच्यापाशी तिला थांबावं लागलं.

दुपारी मी बाबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. घाट बंद, मला जाता येईना. त्यांच्या शेजारणीला सांगितलं. ती गेली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर होते, घामाने भिजलेले, डोळे उघडे आणि ओळख नाही. हेलिकॉप्टरला वाऱ्यामुळे उशीर झाला. ते वाचले. पण मेंदूला साखर न मिळता बराच वेळ गेला होता. जे परत आले ते माझे बाबा होते आणि नव्हतेही. मला ते कधी ओळखायचे, कधी नाही. घरी राहणं शक्यच नव्हतं. ते शुश्रूषागृहात गेले.

टोर्गुनचा फोन दुपारी सुरू झाला तेव्हा त्यावर सोलरूनचे सगळे न उचललेले फोन ओळीने दिसले असणार. त्यावर ती कधी बोलली नाही.

बेटावर बातमी पोचायला वारं लागत नाही. काही दिवसांत दोन तट पडले. काही जण सोलरूनला बोल लावत होते, पण जास्त जण टोर्गुनला. "कुलपं लावता लावता माणूस मारला असता हिने," हे मी बेकरीच्या रांगेत माझ्या कानांनी ऐकलं. बोलणाऱ्याला मी मागे उभी आहे हे माहीत नव्हतं. टोर्गुनच्या गाडीच्या पुढच्या काचेवर कुणीतरी बर्फावर बोटाने लिहिलं: परवानगी नाही.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती वाचनालयात डबा घेऊन यायची बंद झाली. वरून तिच्या खुर्चीची चाकं सरकल्याचा आवाज यायचा, तेवढाच संबंध.

आर्नफिनने तिला सभागृहात उभं केलं. "सगळं पूर्वीसारखं कर. सगळ्या नर्सना सगळे रुग्ण. आजच्या आज."

"नाही करणार," टोर्गुन म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"पूर्वीसारखं नाही करणार. पूर्वी होतं ते बरोबर नव्हतं. आता आहे तेही बरोबर नाही. मला थोडे दिवस द्या."

"एका माणसाचं डोकं गेलंय, टोर्गुन. आणखी किती दिवस हवेत?"

मी त्या सभेला होते. तिच्या हातातला पेन थरथरत होता आणि ती तो दुसऱ्या हाताने धरून ठेवत होती. मला तिची कीव आली आणि राग आला, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात आली. दुपारची वेळ, कुणी नव्हतं.

"सिग्ने."

"पुस्तक परत करायचं असेल तर त्या पेटीत टाक."

"मला एक विचारायचंय. आर्नफिन म्हणतो सगळं उघड. तू म्हणालीस तर उघडते. आत्ता वर जाऊन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हे माझ्या डोक्यावर आणून ठेवू नकोस! तुझं काम आहे ना हे? मग तू ठरव. माझ्या बापाच्या नावावर काहीतरी उघडलंस किंवा बंद केलंस, तर याद राख."

ती मान खाली घालून उभी राहिली. जाईना. मग मीच विचारलं, जे मला इतके दिवस खात होतं.

"तू दात काढायला गेलीस. जा. दात दुखतात माणसाचे. पण तुझ्या मागे दुसऱ्या कुणाच्या हातात का काही नव्हतं? एकाच्याही?"

"कारण माझा कुणावर भरवसा नव्हता," ती म्हणाली. "ओदलेफला सांगितलं, जास्त नको. आर्नफिनला सांगितलं, जास्त नको. सगळ्यांचं मोजून कापलं. माझं तेवढं राहिलं. मला वाटायचं, माझ्यापाशी आहे म्हणजे जागच्या जागी आहे."

"मग?"

"मग काही नाही. सगळ्यांत जास्त माझ्याचकडे होतं, आणि मी बोटीच्या पलीकडे होते."

ती वर गेली. त्यानंतर तिने जे केलं ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. नर्सबायांची उत्तर-दक्षिण तिने ठेवली, पण मधल्या भिंतीत एक काच बसवली. सगळे तिला काचच म्हणू लागले. आग लागली की काच फोडून घंटा वाजवायची, तशी. अडीअडचणीला कामावरच्या कुठल्याही नर्सला कुठल्याही रुग्णाची नोंद तिथल्या तिथे उघडता येईल, कुणाला फोन नको, कुणाची वाट बघायला नको. मात्र कारण लिहावं लागेल, आणि काच फुटली की दुसऱ्या दिवशी नर्सबायांच्या प्रमुखाला आणि टोर्गुनला कळेल. आणि तिने स्वतःचं कापलं. शाळेतली गणिताची शिक्षिका गुडनी हिला हाताशी धरून शिकवलं. यापुढे कुठलंही मोठं दार एकीने उघडायचं आणि दुसरीने होकार द्यायचा, दोघींशिवाय होणार नाही. रोजच्या खात्यातून टोर्गुनला आता स्वतःचे ईमेल आणि छपाईची यंत्रं यापलीकडे काही दिसत नव्हतं. आर्नफिनने सभागृहात मुकाट्याने मान्यता दिली. चांगलं झालं असं कुणी म्हटलं नाही.

काच पहिल्या महिन्यातच कामाला आली. उत्तरेच्या एका मच्छीमाराला छातीत कळ आली, दक्षिणेच्या नर्सने त्याची नोंद उघडली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या ते तिला वेळेवर समजलं. तो वाचला. लोकांनी नर्सचं कौतुक केलं, ते योग्यच होतं.

बाबांच्या खोलीच्या खिडकीतून फेरीचा धक्का दिसायचा. बोट लागली की ते उठून बसायचे आणि दुखऱ्या खांद्याने हात हलवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गाड्या आहेत. कोण घेणार त्या आत?" मी त्यांच्यापाशी बसून विणायची. बोलणं असं होत नसे.

मार्चच्या अखेरीस टोर्गुन माझ्या घरी आली. वाचनालयातल्या त्या दुपारनंतर हिवाळाभर आम्ही बोललो नव्हतो. दारातच उभी राहिली, कोट न काढता.

"तुला पत्र येणार आहे पालिकेचं. त्याआधी मी सांगावं असं वाटलं. तुझ्या वडिलांची नोंद कुणीतरी वाचतंय. काम नसताना."

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते गावगप्पा. बेकरीतल्या रांगेतले चेहरे डोळ्यांपुढे आले. "कोण?"

"सोलरून."

मी खुर्चीवर बसले. टोर्गुन उभीच.

सोलरून दक्षिणेलाच काम करत होती. शुश्रूषागृहाशी तिचा काही संबंध नव्हता. पण जवळजवळ रोज, पाळी संपताना, ती काच फोडून बाबांची नोंद उघडत होती. कारणाच्या चौकटीत पहिल्यांदा तिने लिहिलं होतं "तातडीचं". मग पुष्कळ वेळा "काळजी". नंतर नंतर नुसता एक ठिपका.

"तू तिच्याशी बोललीस?" मी विचारलं.

"आधी तिच्याशीच बोलले. बंद कर म्हटलं. हो म्हणाली. चार दिवस केलं नाही. पाचव्या दिवशी पुन्हा ठिपका."

"मग गप्प राहायचंस, टोर्गुन! कुणाचं काय गेलं असतं? तिने वाचलं तर बाबांचं काय झिजतं?"

"राहता आलं असतं गप्प," ती म्हणाली. "प्रमुखाने अजून बघितलं नव्हतं. मी दोन रात्री तेच उलटसुलट केलं. पण उद्या दुसरी कुणी नवऱ्याच्या मैत्रिणीची नोंद उघडेल आणि ठिपका टाकेल. मग मी काय म्हणू? सोलरूनचा ठिपका चांगला होता, तुझा वाईट?"

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मी तो प्रश्न परत घेतला असता. पण शब्द गेला तो गेला. ती वळली आणि पायऱ्यांवरून, बर्फ टाळत, गाडीकडे गेली.

मी पालिकेला लिहून दिलं की माझी तक्रार नाही. त्याने फारसा फरक पडला नाही. सोलरूनला लेखी ताकीद मिळाली, आणि काचेचं दार तिच्यापुरतं बंद झालं. ते बंद करताना होकार द्यायला गुडनी होती. तिने नंतर सांगितलं, की बटण दाबून टोर्गुन स्वच्छतागृहात गेली आणि बराच वेळ आली नाही. सोलरूनने महिन्याभरात राजीनामा दिला. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. ती सॅमन माशांच्या कारखान्यात लागली, जिथे थंड पाण्यात हात बुडवून दिवसभर उभं राहायचं आणि कुणाची काळजी घ्यायची नाही.

मी तिच्याकडे गेले. तिने कॉफी ठेवली, कप मांडले, आणि माझ्याकडे न बघता बसली.

"काय वाचायचीस तू?" मी विचारलं.

"काही नाही. जेवला का, झोपला का. 'आज अर्धी वाटी सूप.' 'आज खिडकीपाशी बसला.' तेवढं वाचलं की मला घरी जाता यायचं."

"सोलरून, मी रोज तिथे असते. मला विचारायचंस. नाहीतर यायचंस सरळ. भेटायला कुणाला परवानगी लागते?"

"तोंड कुठलं आणू?" ती म्हणाली. "तू तिथे बसलेली, आणि मी दारातून आत येऊन म्हणू काय? नोंद काही विचारत नाही गं. कारण विचारते, पण उत्तराची वाट बघत नाही."

मी तिला पुष्कळ समजावलं. ती मान हलवत राहिली. वसंत गेला, उन्हाळा आला, रात्रीही न मावळणारा सूर्य बाबांच्या पडद्यांतून आत यायचा, पण सोलरून आली नाही. मग जुलैतल्या एका रविवारी मी खोलीत शिरले तर ती तिथे होती. भिंतीला टेकून खुर्चीच्या कडेवर बसलेली. बाबा पलंगावर ताठ बसून तिच्याकडे हात हलवत होते.

"पुढे घे! अजून पुढे! मागे गाड्या खोळंबल्यात!"

सोलरूनने माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची थोडी पुढे सरकवली.

"अजून! घाबरतेस काय, लागत नाही!"

ती सरकत सरकत अगदी त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आली. बाबांनी तळहात उभा केला. "बस्स. आता ब्रेक ओढ." तिने ओढल्यासारखं केलं. ते समाधानाने उशीला टेकले आणि झोपी गेले. सोलरून तशीच बसून राहिली, आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, कारण तिला रडायला जागा हवी होती.

त्याच उन्हाळ्यात शाळेतल्या एका शिक्षकाचं खातं चोरीला गेलं. गुडनीने मला सांगितलं: टोळी आत शिरली, इकडे-तिकडे दारं ढकलून बघितली, सगळी बंद. हाती लागलं ते पाचवीच्या वर्गाचं वेळापत्रक आणि सहलीची छायाचित्रं. टोर्गुनने सभागृहात तसं कळवलं. आर्नफिन म्हणाला, "म्हणजे काहीच झालं नाही की. एवढ्यासाठी वर्षभर सगळ्यांचा जीव खाल्लास?" आणि पुढचा विषय घेतला.

ऑगस्टपासून टोर्गुन आजारपणाच्या रजेवर होती. झोप येत नव्हती, हाताचा कंप थांबत नव्हता. गुडनी तिची जागा चालवत होती. थंडी सुरू होताना ती अर्ध्या वेळाने परत आली. कुणी तिला चिडवायचं नाही, कुणी तिच्यासाठी काही आणायचंही नाही. दारातून "टोर्गुन, हे उघडत नाही गं," म्हणणं लोकांनी सोडलंय. आता ते अर्ज भरतात, आणि ती वाचून उत्तर देते.

बाबा ऑक्टोबरात गेले, झोपेत. दफनानंतरच्या आठवड्यात टोर्गुनचा फोन आला.

"सिग्ने, नियमाप्रमाणे इंगवाल्डची नोंद आता सगळ्यांसाठी बंद करायची आहे. शुश्रूषागृहासाठीही. गुडनीचा होकार झालाय. तुला आधी सांगते."

"कर बंद," मी म्हणाले.

"बरं."

तिने फोन ठेवला नाही, मीही नाही. मला तिला विचारायचं होतं की त्या दिवशी तू फोन चालू ठेवला असतास तर. तीही स्वतःला तेच विचारत असणार, रोज. मी तिला माफ केलं का, असं लोक मला अजून विचारतात. मला माहीत नाही. कधी वाटतं तिचा दोष नव्हताच, कधी बाबांच्या घरातली ती फरशी पुसताना वाटतं, सगळा तिचाच होता.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"नाही अजून."

"ताजा कॉड आहे. बटाटे लावलेत. ये."

ती आली. आम्ही मासा खाल्ला, वितळलेलं लोणी आणि बटाटे. ती वाऱ्याबद्दल बोलली, होडीला रंग द्यायचा राहिला त्याबद्दल बोलली. मी शेजारणीच्या मेंढ्यांबद्दल बोलले. जेवून तिने भांडी घासायला घेतली. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. हात कापत होते म्हणून ती प्रत्येक बशी दोन्ही हातांनी धरून ठेवत होती. मी पुसायला फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभी राहिले.